नवी व्हर्टस जीटी: पहिले हजार किमी कसे काढायचे आणि पेट्रोल कोणतं टाकायचं?

मनीषनगरची_सीए

नमस्कार मंडळी. घरात गाडी आली आणि शांतता गेली, अशी परिस्थिती आहे.

फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी घेतली. 1.5 टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल, सहा गियरची मॅन्युअल, लाल. ऑटोमॅटिक घे म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण वर्षभर दुसऱ्यांच्या ताळेबंदात डोकं घालून बसणाऱ्या बाईनं निदान गियर तरी स्वतःच्या हातानं टाकावेत, एवढीच माझी अपेक्षा होती. ओडोमीटर अजून दोनशेच्या पुढे गेलेला नाही आणि सल्ल्यांनी मात्र डिकी भरली आहे.

बाबा वीज मंडळातून रिटायर झालेले. त्यांच्याकडे पद्मिनी होती तेव्हा मागच्या काचेवर 'रनिंग इन' असा कागद चिकटवून सुरुवातीचे किलोमीटर काढायची पद्धत होती आणि पाचशेला ऑइल बदलायचं. तोच कायदा आजही लागू आहे असं ते धरून चालले आहेत. शेजारी बसतात, पण नजर रस्त्यावर नसते, मीटरवर असते. काटा चाळीसवर आला की "टाक पाचवा", पन्नासला "आता सहावा". गाडी कुरकुरते, मी कुरकुरते, बाबा खुश. पुण्यातला भाऊ नेमकं उलटं सांगतो: पहिल्या दिवसापासून रेडलाइन दाखव, म्हणजे आरपीएमचा काटा लाल पट्ट्यापर्यंत ने, नाहीतर इंजिन कायमचं मठ्ठ होतं म्हणे. आणि डिलिव्हरी देणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, आता तसं काही नसतं, कंपनीतूनच सगळं होऊन येतं."

तिघांपैकी कोणाचं ऐकू?

दुसरं पेट्रोलचं. इथं नागपुरात वर्धा रोडवरच्या पंपावरच्या पोरानं टर्बोचा बिल्ला न बघताच विचारलं, "प्रीमियम टाकू ना?" ऑफिसातला एक जण म्हणतो की 100 ऑक्टेन पुण्या-मुंबईकडून कॅनमध्ये आणून ठेव. एका अमेरिकन व्हिडिओत सांगितलं की 91 पुरतं. मग मी 91 च टाकलं असं समजायचं का, ते पण कळेना, कारण पंपावर आकडा कुठे दिसला नाही, नुसतं ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं, एवढंच लिहिलेलं आहे.

तिसरं, पुढच्या महिन्यात संभाजीनगरला मावसबहिणीचं लग्न आहे आणि समृद्धीनं जायचं ठरतंय. रोजचं माझं जाणं मनीषनगर ते सिव्हिल लाइन्स, त्यात हजार कधी होणार? नवी गाडी तशीच समृद्धीवर घातली तर चालेल का?


त्रिमूर्तीनगर_टर्बो

ताई अभिनंदन! मॅन्युअल घेतली म्हणजे विषयच संपला.

काकांना म्हणा तो पद्मिनीचा जमाना गेला. इंजिन एकदा गरम झालं की ठोकायचं. पिस्टनच्या रिंगा दाबानं बसतात, लाडानं नाही. आपली आय20 एन लाइन आहे, शोरूमच्या गेटमधून निघाली तशी खेचून राहिलो, एक थेंब ऑइल खात नाही.

पेट्रोल डोळे झाकून 95. साधं टाकून पाहिलं, पिकअपच मेला. ज्याला टर्बो परवडतो त्याला लिटरमागे सात-दहा रुपये काय जड आहेत का?


काटोलरोड_काका

गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात एक पुस्तक असतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत. अजून फोडलं नसेल.


हिंगणा_होनिंग

काटोलरोडवाल्या काकांचं उत्तर सगळ्यात छोटं आणि सगळ्यात बरोबर. तरी ताई, तुम्ही विचारलंच आहे तर जरा सविस्तर लिहितो. माझं हिंगणा एमआयडीसीत बोअरिंग-होनिंगचं, म्हणजे इंजिनाचे सिलिंडर आतून घासून नीट करायचं काम आहे. लोकांची इंजिनं उघडी होऊन माझ्याकडं येतात, त्यामुळं रनिंग-इन नीट झालं की नाही हे मला ड्रायव्हरच्या तोंडून ऐकावं लागत नाही, बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, दिसतं.

होनिंग केलेला बोअर कधी टॉर्च धरून बघा. आतून तो गुळगुळीत नसतो. एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या बारीक रेघा असतात, वरपासून खालपर्यंत. नख अडकत नाही, पण बोट फिरवलं तर किंचित खरखर लागते. त्या रेघांमध्ये ऑइल थांबतं आणि रिंग त्या ऑइलवर चालते. नव्या बोअरमध्ये रेघांचे कंगोरे अजून थोडे उभे असतात, ते रिंगांनी घासून बसवायचे असतात. ह्यालाच आम्ही रिंगा बसणं म्हणतो. आता वरची रिंग भिंतीवर दाबते कशानं? तिच्या स्वतःच्या स्प्रिंगनं थोडी, आणि जास्त करून पेटलेल्या गॅसच्या दाबानं, कारण तो गॅस रिंगेच्या मागं शिरून तिला बाहेर ढकलतो. म्हणजे लोडच दिला नाही तर रिंग नीट दाबत नाही, ऑइल वर सरकतं, तिथं जळतं, आणि त्याचा चिवट थर रेघांमध्ये बसतो. असा बोअर माझ्याकडं येतो तेव्हा पिवळट तपकिरी आणि चकचकीत असतो, रेघा बुजलेल्या. ह्याला ग्लेझिंग म्हणतात. गाडी मग ऑइल खाते, आणि मालक सांगतो, "मी तर कधी साठच्या वर नेली नाही हो."

म्हणून त्रिमूर्तीनगरवाला पोरगा जे म्हणतो की रिंगा दाबानं बसतात, ते खरं आहे. पण तिथून पुढं तो जी उडी मारतो ना, ती खरी नाही. दाब द्या म्हणजे रेडलाइनला न्या असं नाही. आरपीएम वेगळा, लोड वेगळा. तिसऱ्या गियरमध्ये दोन हजारावरून अर्धा पाय देऊन साडेतीन हजारापर्यंत नेली की रिंगेला हवा तो दाब मिळाला. तुमच्या इंजिनाचा तर अख्खा टॉर्क, 250 न्यूटन मीटर, 1600 ते 3500 च्या मध्येच आहे. कंपनीनं दिलेली मर्यादा पाळून पण तुम्हाला ताकद कमी पडायची नाही. पूर्ण 150 पीएस पाच हजाराच्या पुढं निघते, तिथं जायची घाई नको, एवढंच.

फोक्सवॅगनच्या पुस्तकात नियम साधा आहे: पहिले 1000 किमी पूर्ण ॲक्सिलरेटर दाबायचा नाही आणि कमाल आरपीएमच्या दोन तृतीयांशाच्या वर जायचं नाही. तुमच्या गाडीत ते साधारण चार हजार पडतं. मग 1000 ते 1500 हळूहळू वाढवत न्यायचं. ह्यात कुठंही "साठच्या वर जाऊ नका" लिहिलेलं नाही. स्पीडचा प्रश्नच नाही.

डिलिव्हरीवाला मुलगा अर्धा बरोबर आहे. आजकाल कंपनीत प्लॅटो होनिंग करतात, म्हणजे रेघांचे वरचे टोकदार कंगोरे तिथंच कापून येतात. काकांच्या पद्मिनीच्या काळात ते काम ग्राहकाच्या डोक्यावर होतं, म्हणून तो कागद काचेवर लागायचा. तेव्हा काका चूक नव्हते. पण "सगळं" होऊन येतं हे चूक. रिंगा, बेअरिंग, गियरचे दाते, क्लच, ब्रेक हे सगळं आपापली जोडी जमवतंच. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना आजही 2000 किमीला खास सर्व्हिस असते, इंजिन ऑइल आणि डिफरन्शियलचं ऑइल दोन्ही बदलतात. काही लागत नसतं तर त्यांनी ग्राहकाला बोलावून फुकटचं काम कशाला काढलं असतं?

आता काकांच्या "टाक पाचवा" वर येतो, कारण मला खरी काळजी त्याचीच आहे. चाळीसला पाचवा आणि पन्नासला सहावा म्हणजे इंजिन हजार-बाराशेवर. त्यात पुढं ऑटो आडवा आला, निघाला, आणि तुम्ही गियर न उतरवता पाय दाबला, की टर्बो हवा भरतो, इंजिन फिरत नाही, आणि सिलिंडरमधला दाब भलताच वाढतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो इंजिनांना ह्याच जागी धोका असतो: स्पार्क पडायच्या आधीच पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटतं, लो स्पीड प्री-इग्निशन म्हणतात त्याला. पिस्टनवरच्या रिंगांच्या खाचांमधली कड त्यानं तुटल्याची उदाहरणं जगभर आहेत. काकांना वाटतं आपण इंजिनावर दया करून राहिलो, पण नवं असो की जुनं, टर्बोवाल्या इंजिनाशी ह्याच्यापेक्षा वाईट वागता येत नाही. गावात तिसरा-चौथा ठेवा, दोन हजाराच्या आसपास फिरू द्या. आवाज येऊ द्या. आवाज म्हणजे त्रास नव्हे.

एक अजून. मनीषनगर ते सिव्हिल लाइन्स हा रनिंग-इनचा रस्ताच नाही. पाण्याचा काटा नव्वदवर येतो पण ऑइल तेवढ्यात तापत नाही, त्याला वेळ लागतो. सुटीच्या दिवशी सकाळी सहाला निघा आणि मनसर, देवलापारवरून खवासाच्या पुढं कुरई घाटापर्यंत जाऊन या. सपाट रस्ता, चढ, उतार, गावं, सगळं त्यात येतं. चढावर चौथ्यात थोडा पाय द्या, उतारावर पाय उचलून गियरमध्येच येऊ द्या. पाय उचलला की सिलिंडरमध्ये व्हॅक्यूम होतो, ऑइल थोडं वर ओढलं जातं आणि रिंगेजवळची बारीक घाण धुऊन निघते. चढवा, उतरवा, हेच रनिंग-इन. जातायेता रामटेकला गडावर पण जा, चढण आहे आणि दर्शन पण होईल.


त्रिमूर्तीनगर_टर्बो

दादा तुमचं ऐकलं. पण माझी गाडी ऑइल खात नाही हे पण खरं आहे ना!


हिंगणा_होनिंग

आहे ना. तुझी गाडी वाईट आहे असं मी कुठं म्हटलं? प्लॅटो होनिंगवाली इंजिनं बरंच सहन करतात. सगळ्यांना शिक्षा त्याच दिवशी मिळत नसते, भाऊ. वॉरंटी संपल्यावर ये, टॉर्च लावून बघू.


एलआयटी_पेट्रोकेम

ऑक्टेनवर मी बोलतो. लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमधून पेट्रोकेमिकल केलं आहे, त्यामुळं हा विषय दिसला की हात शिवशिवतात.

पहिलं, ऑक्टेन म्हणजे ताकद नाही. दाब आणि उष्णता सहन करत, स्पार्क पडेपर्यंत न पेटता थांबण्याची पेट्रोलची क्षमता म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेनला 100 धरलं, नॉर्मल हेप्टेनला 0. तुमचं पेट्रोल 95 म्हणजे चाचणीच्या इंजिनात ते 95 टक्के आयसो-ऑक्टेन आणि 5 टक्के हेप्टेनच्या मिश्रणाइतकं टिकलं. बस. त्यात जास्त ऊर्जा असते असं अजिबात नाही. उलट इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा खूप वर आहे, पण लिटरमागे ऊर्जा साधारण एक तृतीयांशानं कमी. म्हणून ई20 मध्ये ऑक्टेन चढतो आणि ॲव्हरेज थोडं उतरतं, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. आपल्या खासदार गडकरी साहेबांना फक्त पहिली बाजू सांगायला आवडते आणि व्हॉट्सॲपवाल्यांना फक्त दुसरी.

अमेरिकन व्हिडिओबद्दल. त्यांच्या पंपावरचा आकडा आणि आपला आकडा एक नाही. आपण रिसर्च ऑक्टेन, म्हणजे आरओएन लिहितो. ते आरओएन आणि मोटर ऑक्टेन यांची सरासरी लिहितात, आणि मोटर ऑक्टेनची चाचणी जास्त कडक असल्यामुळं सरासरी खाली येते. त्यांचं 91 म्हणजे आपलं जवळपास 95-96. तो व्हिडिओ बघून "आपलं जुनं साधं 91 पण चालतंय" असं कोणी समजू नये.

आता पंपावर तुम्हाला काय मिळतं. पूर्वी साधं पेट्रोल 88 आरओएनचं होतं, नंतर 91 झालं. आणि पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट 2025 मध्ये ई20 वर जे स्पष्टीकरण दिलं त्यात 20 टक्के इथेनॉलमुळं तो 95 वर गेल्याचं म्हटलं आहे. म्हणजे त्रिमूर्तीनगरवाल्या मित्राचा "95 डोळे झाकून" हा सल्ला ज्या काळात साधं 91 होतं, त्या काळात खराच होता. तेव्हा फरक चार अंकांचा होता आणि टर्बो गाडीला तो कळायचा. आज साध्या ई20 चाच ऑक्टेन तिथं पोचला असेल, तर जास्तीच्या पैशात मुख्यतः साफसफाईचे ॲडिटिव्ह मिळतात. ते निरुपयोगी नाहीत, पण त्यानं पिकअप वाढत नाही.

जास्त ऑक्टेनचा फायदा फक्त त्या गाडीला होतो जिच्या ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, तो वापरता येतो. नॉक म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून होणारी खडखड; ती ऐकायला नॉक सेन्सर इंजिन ब्लॉकला चिकटून असतो. खडखड सुरू झाली की ईसीयू स्पार्क थोडा उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, ताकद थोडी जाते. पेट्रोल पुरेसं असेल तर स्पार्क आहे तिथंच राहतो, मग तुम्ही 100 टाका की 110. कंपनीनं जितका स्पार्क पुढं घ्यायची परवानगी दिली आहे त्याच्या पुढं तो जाणार नाही.

ताई, पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर आहे, ते वाचा. पुस्तकात 'किमान' आणि 'शिफारस' असे दोन आकडे वेगळे दिलेले असतील तर किमान म्हणजे इंजिन सुरक्षित, आणि शिफारस म्हणजे ब्रोशरमधली ताकद ज्यावर मोजली ते.


मनीषनगरची_सीए

वाचते आहे, बाबांना पण वाचून दाखवते आहे. "आवाज म्हणजे त्रास नव्हे" ह्या वाक्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हा माणूस बरोबर दिसतो, पण चाळीसला तिसरा म्हणजे फार होतो." चौथ्यावर तह झाला आहे.

एलआयटी सर, झाकणाच्या आत ई20 लिहिलेलं आहे ते बघितलं. आता सीएचा प्रश्न. सरळ सांगा, पहिले हजार किमी मी प्रीमियमवर खर्च करू की नको? टाकी 45 लिटरची आहे, दर टाकीला तीन-चारशे रुपये जास्त जातात. आणि आपल्याकडचं ऊन? एप्रिलमध्येच पारा 43 वर गेलाय. त्याचा पेट्रोलशी काही संबंध आहे का?


एलआयटी_पेट्रोकेम

संबंध आहे आणि चांगलाच आहे. सिलिंडरमध्ये जाणारी हवा जितकी गरम, तितका नॉक लवकर. मे महिन्यात दुपारी दोनला सीताबर्डीच्या सिग्नलवर गाडी उभी असते तेव्हा बाहेर 45, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. इंटरकूलर हवा थंड करतो, पण तो पण शेवटी बाहेरच्या हवेलाच उष्णता देतो, आणि बाहेरची हवाच भट्टीतली. म्हणून एकच गाडी, एकच पेट्रोल, जानेवारीच्या सकाळी तरतरीत वाटते आणि मेच्या दुपारी सुस्त. पुण्याच्या माणसाचा पेट्रोलचा सल्ला नागपुरात जसाच्या तसा चालत नाही तो ह्यासाठी. इथेनॉलची एक चांगली बाजू इथं कामाला येते: त्याचं बाष्प होताना ते बरीच उष्णता शोषतं, आणि डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ते थेट सिलिंडरच्या आत होतं, त्यामुळं आतली हवा थंड होते.

पण खर्चाचं उत्तर तुमच्याच पहिल्या प्रश्नात आहे. ऑक्टेन लागतो कधी? पूर्ण पाय, पूर्ण बूस्ट, जास्त लोड. रनिंग-इनमध्ये तुम्ही नेमकं तेच टाळताय. म्हणजे ज्या हजार किलोमीटरमध्ये प्रीमियम टाकून लोक गाडीचे लाड करतात, त्याच हजारात त्याचा उपयोग सगळ्यात कमी. ते पैसे ठेवा. नंतर मे-जूनमध्ये गाडी भरून, एसी लावून लांब जायचं असेल, ओव्हरटेकला पूर्ण पाय देणार असाल, तेव्हा एखादी टाकी 95 ची टाकून बघा. फरक वाटला तर ठेवा, नाही वाटला तर सोडा.

100 ऑक्टेनचं तर नावच नको. इंडियन ऑइलनं एक्सपी100 डिसेंबर 2020 मध्ये आणलं, महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात मुंबई-पुणे. लिटरला दीडशेच्या पुढं. ते ट्यून केलेल्या गाड्यांचं आणि सुपरबाइकचं खाद्य आहे. आणि कॅनमध्ये भरून समृद्धीनं उन्हात आणायचं? ऑफिसातल्या त्या मित्राला आधी कॅनसोबत मागच्या सीटवर बसवा.

गंमत म्हणजे आधी हेच काम शिसं करायचं. काकांच्या पद्मिनीत ऑक्टेन चढवायला पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड असायचं. देशभर शिसेविरहित पेट्रोल झालं ते 1 फेब्रुवारी 2000 पासून. त्या मानानं उसाचं नि मक्याचं स्पिरिट बरं म्हणायचं. फक्त एक लक्षात ठेवा, इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात गाडी दोन-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी तळाला ठेवू नका.


त्रिमूर्तीनगर_टर्बो

मग मला साधं टाकल्यावर पिकअप मेला ते काय, मनाचे खेळ?


एलआयटी_पेट्रोकेम

कधी टाकलं होतं? ई20 यायच्या आधी असेल तर खरा फरक असणार. आत्ता टाकलं असेल तर ओबीडीचा डोंगल (इंजिनाचे आकडे फोनवर दाखवतो तो) लाव, एकाच दुपारी, एकाच उड्डाणपुलावर, दोन्ही पेट्रोलवर इग्निशन टायमिंग बघ. पिकअप पाठीला कळतो तितका खरा नसतो, त्यात पंपावर दिलेले पैसे पण मिसळलेले असतात.


जामठा_टू_जालना

समृद्धीचं मी सांगते, महिन्यातून जाणं होतं कामानिमित्त.

रस्ता उत्तम, कारला 120 ची मर्यादा. पण रनिंग-इनसाठी तो फार वाईट आहे. शिवमडक्याला चढलं की पाय एकाच जागी, आरपीएम एकाच जागी, डोकं पण एकाच जागी. होनिंगदादा म्हणतात ते चढवा-उतरवा तिथं होतच नाही. क्रूझ कंट्रोल लावला तर विषयच संपला. हजार झाले नसतील आणि जावंच लागलं तर क्रूझ लावू नका, ऐंशी ते एकशे दहाच्या मध्ये स्पीड बदलत राहा, अधूनमधून पाचवा घाला आणि जेवायला, चहाला थांबत जा.

आणि इंजिनापेक्षा टायरचं बघा. नव्या टायरला पहिले पाचशे किमी पूर्ण ग्रिप नसते, नवे ब्रेक पॅड पण दोन-तीनशे किमी झाल्याशिवाय पूर्ण धरत नाहीत. हे दोन्ही तुमच्या पुस्तकात आहे. उन्हाळ्यात ते काँक्रीट दुपारी तापून लाल असतं. हवा सकाळी निघण्याआधी, टायर थंड असताना भरा, दाराच्या खांबावर जे लिहिलंय तितकीच. गाडी भरलेली असेल तर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो. वाटेत टायर गरम असताना प्रेशर वाढलेलं दिसतं म्हणून हवा सोडू नका, हे लय जण करतात. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि मग फुटतो. पहाटे चारला निघा, उन्हाच्या आत पोचाल.


मनीषनगरची_सीए

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. ठरलं: रविवारी कुरई, बाबा शेजारी, चौथा गियर. साधं पेट्रोल. लग्नाच्या आधी हजार करायचेच, नाही झाले तर जामठाताई सांगतात तसं.

होनिंगदादा, एक राहिलं. ऑइल. बाबा पाचशेला बदलायचं म्हणतात, कंपनीचं शेड्यूल 15,000 किमी किंवा एक वर्ष आहे. मधलं काही?


हिंगणा_होनिंग

आहे की. पहिल्या ऑइलमध्ये जोडी जमवताना घासलेलं लोखंड, ॲल्युमिनियम, जोडावरच्या सीलंटचे कण असं सगळं असतं. जाडं असेल ते फिल्टर धरतो, बारीक फिरत राहतं. कंपनीनं ते धरूनच 15,000 लिहिलं आहे, त्यामुळं तितकं थांबलात तर इंजिन मरणार नाही. पण कंपनी तुमच्या गाडीचा विचार करून लिहीत नाही. तुमच्या गाडीला छोट्या फेऱ्या, सिव्हिल लाइन्सचे सिग्नल आणि 45 चं ऊन आहे. छोट्या फेरीत न जळलेलं पेट्रोल थोडं थोडं ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल तापलंच नाही तर ते उडून जात नाही.

पाचशेला नको, तेव्हा रिंगा अजून बसत असतात आणि पैसे वाया. मी असतो तर पाच हजाराला एकदा ऑइल आणि फिल्टर बदलला असता आणि मग कंपनीच्या शेड्यूलवर गेलो असतो. पुस्तकात ऑइलचा जो फोक्सवॅगन नंबर दिलाय तोच मागा. नुसतं "फुल सिंथेटिक आहे मॅडम" ह्यावर जाऊ नका, डब्यावर तो नंबर छापलेला दिसला पाहिजे. जाडं ऑइल उन्हाळ्यात बरं म्हणून कोणी 20डब्ल्यू50 सुचवेल, त्याला चहा पाजून घरी पाठवा. काम अधिकृत वर्कशॉपमध्येच करून घ्या, किलोमीटर लिहिलेलं बिल घ्या आणि फाइलला लावा. फाइल लावायचं तुम्हाला काय सांगायचं म्हणा.

तोवर दर दुसऱ्या-तिसऱ्या पेट्रोलला डिपस्टिक बघत जा. सकाळी, सपाट जागी, इंजिन थंड असताना. पहिल्या दोन-तीन हजारात थोडं ऑइल कमी झालं तर घाबरू नका, रिंगा बसेपर्यंत तसं होतं. त्याच्या पुढं पण कमी होत राहिलं तर मात्र लगेच कंपनीला दाखवा आणि लेखी घ्या.


काटोलरोड_काका

डिपस्टिक पुसायला कापड जुनं पण स्वच्छ घ्या, टिशू नको. त्याचे तंतू आत जातात. हे पण पुस्तकात आहे.